पायांखालचं नगर



आपण बायका चालायला काही कमी चालत नाही. पाण्याला चालतो, सरपणाला चालतो, खुरपायला जाताना बांधाबांधानं चालतो. पाथर्डी-शेवगावच्या बाया ऊसतोडीला गेल्या की फडातून गाडीपर्यंत मोळी डोक्यावर घेऊन चालतात. आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला चालतो. पण नुसतं बघण्यासाठी, समजून घेण्यासाठी चालणं आपल्या वाट्याला फारसं येत नाही. ते काम रिकाम्या माणसांचं, असं आपल्याला वाटतं.

इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी माणसं गट करून जुन्या पायवाटांनी चालायला निघतात. बरोबर एक माहीतगार असतो. तो मधूनमधून थांबवतो आणि सांगतो, हा बांध अमक्या काळातला आहे, या उंचवट्याखाली एके काळी गाव होतं, पुढं ते उठलं. तिथं शेतातून जाणारी जुनी पायवाट कायद्यानं सगळ्यांची असते, शेतमालकाला ती अडवता येत नाही. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स नावाच्या इतिहासकारानं १९५५ साली एक पुस्तक लिहून दाखवून दिलं, की बांध, वाटा, गावठाण हेसुद्धा इतिहासाचे कागदच आहेत, ते वाचता आले पाहिजेत. आणि अशा जागा जपण्यासाठी १८९५ साली तिकडे नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था निघाली, तिच्या तीन संस्थापकांत एक बाई होती. तिचं नाव ऑक्टेव्हिया हिल. लंडनमधल्या गरीब भाडेकरूंच्या घरांसाठी तिनं जन्मभर काम केलं. गरिबाला जसं चांगलं घर लागतं तशी मोकळी जागाही लागते, असा तिचा आग्रह होता.

तर आज आपणही अशी एक फेरी करू. कानांनी करू, पुढं जमेल तेव्हा पायांनी करू. लांब कुठं नाही, आपल्या नगरमध्येच. सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीत बसताना आपण अजून "एक नगर द्या" असंच म्हणतो. आपण या गावात जातो ते बाजाराला, दवाखान्यात, बँकेत आणि कलेक्टर कचेरीत. आज थोडं वेगळ्या वाटेनं जाऊ.

सीनेच्या काठी

फेरी सुरू करायची सीना नदीच्या बाजूनं, बागरौझापासून. काळ्या दगडाची, घुमटाची ही इमारत म्हणजे अहमद निजामशाहाची कबर. यानंच हे शहर वसवलं. बिदरच्या बहामनी सुलतानाचा हा सरदार, जुन्नरला होता. १४९० साली त्यानं भिंगारजवळ बहामनी फौजेला हरवलं आणि आपलं वेगळं राज्य सुरू केलं. चार वर्षांनी, म्हणजे १४९४ साली, सीनेच्या काठी नवं शहर वसवायला घेतलं. भिंगार आधीपासून होतं, नगर नंतर आलं. त्यामुळे भिंगारच्या बायांनी आम्ही जुन्या, असं म्हटलं तर त्यात खोटं काही नाही.

या आवारात एका हत्तीचीही कबर दाखवतात. १५६५ साली दक्षिणेतल्या सुलतानांनी मिळून विजयनगरच्या रामरायाला हरवलं, त्या तालीकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा हत्ती तो हाच, असं सांगतात. हत्तीची ही आठवण मनात ठेवा. पुढं एका राणीची गोष्ट येणार आहे, तेव्हा ती उपयोगी पडेल.

पाणी कुठून येत होतं

शहर म्हटलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? पाणी कुठून येतं? बखरी लिहिणाऱ्यांनी लढाया लिहिल्या, पण लढाईच्या आधी हंडा भरावा लागतो हे आपल्याला कुणी सांगायला नको.

सीनेला बारमाही पाणी नाही. नगर तर पर्जन्यछायेतलं गाव. मग एवढी वस्ती, हत्ती-घोडे, बागा, हमामखाने, हे सगळं चाललं कसं? तर निजामशाहीत शहराभोवतालच्या उंच भागातून पाणी शहरात आणलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा गावांच्या बाजूनं ही पाण्याची कामं केलेली होती. उंचावरच्या विहिरीत किंवा तळ्यात पाणी धरायचं आणि जमिनीखालून खापराच्या नळांनी आणि चुन्यात बांधलेल्या पाटांनी उतारानं शहरात आणायचं. ना मोटार, ना वीज, ना डिझेल. सगळी करामत उताराची. पाण्याला उतार थोडा जास्त दिला तर नळ फुटतो, थोडा कमी दिला तर पाणी साचून गाळ बसतो. ज्यांनी हे मोजून केलं त्या कारागिरांची, खापर भाजणाऱ्या कुंभारांची, चर खणणाऱ्या बाया-माणसांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पण त्यांचं काम पुढं कितीतरी पिढ्या लोकांच्या उपयोगी पडलं.

आजही रस्ता किंवा पाया खणताना जुन्या खापरी नळाचे तुकडे निघतात. बहुतेक वेळा ते मुरुमाबरोबर ट्रॅक्टरमध्ये जातात. पुढच्या वेळी कुठं काम चालू असेल आणि मातीत भाजलेल्या नळाचा तुकडा दिसला, तर जरा थांबून हातात घेऊन बघा.

दमडीची मशीद

आता किल्ल्याच्या दिशेनं चालू. किल्ल्यापासून जवळच एक लहानशी दगडी मशीद आहे. तिचं नाव दमडी मशीद. १५६७ सालची ही इमारत साहिरखान नावाच्या सरदारानं बांधली, असं सांगितलं जातं. ती आकारानं लहान आहे, पण तिच्यावरची दगडातली नक्षी बघण्यासारखी आहे.

तिच्या नावाची गोष्ट आपल्या बचत गटांनी ऐकायलाच हवी. त्या आधीच्या काही वर्षांत किल्ल्याची दगडी तटबंदी बांधली गेली होती. त्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून ही मशीद उभी राहिली, अशी आठवण लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. दमडी म्हणजे पैशाचाही बारीकसा भाग. ज्या मजुराच्या हाती दमडीपेक्षा जास्त काही नव्हतं, त्यानं ती दिली.

आपल्या गटात महिन्याला शंभर-दोनशे रुपये भरताना कुणी ना कुणी म्हणतंच, "एवढ्याशानं काय होणार?" तिला ही इमारत दाखवावी. किल्ला राजाच्या तिजोरीतून झाला. ही मशीद मजुराच्या दमडीतून झाली असं लोक म्हणतात, आणि साडेचारशे वर्षांनंतरही ती उभी आहे.

किल्ला आणि दोन बाया

आता किल्ला. हा भुईकोट किल्ला आहे, डोंगरावरचा नाही. घेर जवळजवळ गोल, सुमारे पावणेदोन किलोमीटरचा, आणि भोवती रुंद खंदक. आधी इथं मातीचा कोट होता. अहमद निजामशाहाचा नातू हुसेन निजामशाह यानं तो १५५९च्या पुढच्या काळात दगडात बांधून काढला. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. आत जाताना ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, म्हणून आधार कार्ड बरोबर ठेवायचं आणि निघण्याआधी चौकशी करायची.

आत गेल्यावर सगळ्यांना चांदबिबी आठवते. पण आपण आधी तिच्या आईला भेटू. हुसेन निजामशाहाच्या राणीचं नाव खुंजा हुमायून. १५६५ साली हुसेन वारला, मुलगा मुर्तजा लहान होता. तेव्हा या राणीनं काही वर्षं नगरचं राज्य चालवलं. दरबारात बसून सरदारांशी बोलणी केली, स्वाऱ्यांत भाग घेतला. त्याच काळात आफताबी नावाच्या कवीनं हुसेनशाहाच्या गौरवाचं फार्सी काव्य लिहिलं आणि चित्रकारानं त्यात चित्रं काढली. ती पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्या चित्रांत राजाच्या शेजारी, अगदी त्याच्या आसनावर, राणी बसलेली दाखवली होती. मुसलमानी राज्यातल्या त्या काळच्या चित्रांत राणीला असं उघड दाखवणं फार दुर्मीळ.

पुढं काय झालं? मुलगा मोठा झाला, काही सरदारांशी मिळून त्यानं आईला कैद केलं. आणि पोथीतल्या बऱ्याच चित्रांतून राणीची आकृती पुसून टाकली गेली. आज ती चित्रं बघितली तर राजा दिसतो, चवऱ्या ढाळणारे दिसतात, आणि राजाच्या शेजारी एक खरवडलेली, रंग फासलेली जागा दिसते. हत्तीला कबर मिळाली आणि राज्य चालवणाऱ्या राणीला चित्रातली जागाही राखता आली नाही. सातबाऱ्यावरून नाव कसं उडतं हे आपल्याला ठाऊक आहे. इथं तसंच चित्रातून उडालं.

तिची लेक चांदबिबी. तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालं. दोन राज्यांची दोस्ती पक्की करायला हे लग्न झालं आणि आंदणात सोलापूरचा किल्ला दिला गेला. १५८० साली नवरा मारला गेला. तिला मूल नव्हतं. गादीवर पुतण्या आला, नऊ वर्षांचा. त्याच्या नावानं चांदबिबीनं कारभार पाहिला. तिथंही एका सरदारानं कट करून तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं होतं, मग दुसऱ्यांनी सोडवलं. पुढं ती माहेरी नगरला आली. माहेरात तेव्हा गादीसाठी भांडणं चालली होती, आणि एका गटानं चक्क मोगलांना बोलावणं धाडलं.

डिसेंबर १५९५ मध्ये अकबर बादशाहाचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. ज्याचे दोहे आपल्या मुलांच्या हिंदीच्या पुस्तकात असतात तो रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, त्या फौजेत होता. चांदबिबी तेव्हा पंचेचाळीशीच्या आसपासची असेल. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यातल्या लोकांना त्याचा सुगावा लागला आणि त्यांनी आतून खणून काही सुरुंगांतली दारू काढून टाकली. तरी फेब्रुवारी १५९६ मध्ये एक सुरुंग उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. आतले लोक घाबरून पळू लागले. तेव्हा चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन, हातात नागवी तलवार धरून त्या खिंडारात येऊन उभी राहिली. ते बघून पळणारे परत फिरले. दिवसभर लढाई झाली, मोगलांना आत शिरता आलं नाही. आणि रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून काढलं गेलं.

गोळे संपले तेव्हा तिनं तांब्याची, रुप्याची, मग सोन्याची नाणी तोफेत भरली अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो नसो, मला त्या रात्रीचा विचार जास्त करावासा वाटतो. एका रात्रीत एवढी भिंत उभी करायची तर दगड उचलणारे, गारा कालवणारे, पाणी आणणारे किती हात लागले असतील. तलवार धरलेला एक हात इतिहासात आला, पाट्या उचलणारे हात आले नाहीत. दोन्ही मिळून किल्ला वाचला.

शेवटी तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं, नगरचं राज्य राहिलं. पण चार वर्षांनी, १६०० साली, मोगल पुन्हा आले. या वेळी चांदबिबीनं ओळखलं, की किल्ला टिकणार नाही. बोलणी करावी, आतल्या लोकांचे जीव वाचवावे आणि लहानग्या राजाला घेऊन जुन्नरला निघून जावं, असा तिचा विचार होता. तेवढ्यात हमीदखान नावाच्या अधिकाऱ्यानं ओरडून सांगितलं, की चांदबिबी फितूर झाली. जमाव तिच्या महालात घुसला आणि त्यांनी तिला मारून टाकलं. ज्या लोकांसाठी ती खिंडारात उभी राहिली होती, त्यांच्यातल्याच काहींनी. पुढं थोड्याच दिवसांत किल्ला पडला. ज्या लहान राजाला ती वाचवायला निघाली होती, तो ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

मैत्रिणींनो, इथं खंदकाच्या काठावर जरा थांबा. तिला शत्रूच्या तोफेनं मारलं नाही, अफवेनं मारलं. तिचं म्हणणं काय आहे हे कुणी विचारलं नाही. आज आपल्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. सरपंच बाई ठेकेदाराला हिशेब विचारायला लागली, गटाची अध्यक्ष बँकेच्या साहेबाशी चार शब्द बोलली, की गावात काय काय उठवतात हे तुम्हाला माहीत आहे. आणि पुष्कळदा ते पहिल्यांदा आपल्यातलीच कुणीतरी बोलते. चांदबिबीचा जयजयकार सोपा आहे. आपल्या गावातल्या बाईबद्दल काही कानावर आलं तर पुढं सांगण्याआधी तिच्या दारात जाऊन तिला विचारणं, हे अवघड आहे.

चिंचेचं झाड आणि कैदखाना

किल्ला पुढं मोगलांकडे, पेशव्यांकडे, शिंद्यांकडे गेला. ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्ली या इंग्रज सेनापतीनं आधी शहर आणि मग चारच दिवसांनी किल्ला घेतला. याच वेलस्लीनं पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. किल्ल्याबाहेर एका चिंचेच्या झाडाखाली तो बसला होता, अशी आठवण इंग्रजांनी जपून ठेवली.

इंग्रजांनी या किल्ल्याचा तुरुंग केला. ऑगस्ट १९४२ मध्ये "चले जाव"चा ठराव झाला आणि काँग्रेसचे मोठे पुढारी पकडून इथं आणले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण. नेहरूंनी इथं बागकाम केलं आणि १९४४ साली पाच महिन्यांत "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" हा ग्रंथ लिहिला.

या खोल्या बघताना मला आठवते ती इथं कधीच नसलेली एक बाई. मौलाना आझादांच्या पत्नी झुलैखा बेगम. त्या कलकत्त्याला आजारी होत्या. आजार वाढल्याची खबर किल्ल्यात येत होती. इंग्रज सरकारकडे सवलत मागायची नाही असं आझादांनी ठरवलं. एप्रिल १९४३ मध्ये बेगम वारल्या. शेवटची भेट झाली नाही. तुरुंगातल्या बारा जणांची नावं पाटीवर आहेत. त्यांच्या मागं बारा घरांत कुणी काय सोसलं, त्याची पाटी कुठं नाही.

फराहबाग आणि चुकीच्या नावाचा महाल

पायात बळ असेल तर आग्नेयेला फराहबागेपर्यंत चालत जाता येतं. तळ्याच्या मधोमध बांधलेला हा महाल. मुर्तजा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान यानं तो १५८३च्या सुमाराला पुरा केला. आठ कोनी, दोन मजली. आज महालाची पडझड झाली आहे, भोवती पाणी नाही. पण पाणी अंगाखांद्यावर खेळवून उन्हाळा थंड करायची युक्ती त्या भिंतींत अजून ओळखू येते.

यानंतर मात्र वाहन लागेल. पाथर्डी रस्त्यानं निघालं की डोंगरावर एक उंच, तीन मजली, आठ कोनी दगडी इमारत दिसते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. एसटीतून जाताना आपण मुलांना तेच सांगतो. खरं तर तो महाल नाही, कबर आहे, आणि चांदबिबीची नाही, फराहबाग पुरी करणाऱ्या त्याच सलाबतखानाची आहे. तो १५८९ साली वारला. त्याचं दुसरं मोठं काम म्हणजे भातोडीचा तलाव. १६२४ साली याच भातोडीला मलिक अंबरानं तलावाचं पाणी सोडून, चिखल करून, मोगल आणि आदिलशाही फौजांना हैराण केलं. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले.

मग या कबरीला चांदबिबीचं नाव का पडलं? नक्की कारण लिहून ठेवलेलं नाही. मला मात्र वाटतं, लोकांना मंत्री आठवला नाही, ती आठवली. सगळ्या मुलखाला दिसेल अशी उंच जागा तिला द्यावी असं वाटलं असावं. लोकांच्या या मायेला नावं ठेवू नयेत. पण मुलींना सांगताना खरं सांगावं. तिची खरी जागा त्या डोंगरावर नाही, खाली दिसणाऱ्या किल्ल्याच्या तटावर आहे. डोंगरावरून मुलीला बोट करून तो तट दाखवला, तर गोष्ट पुरी होते.

परत शहरात, शाळेच्या वाटेनं

परतीच्या वाटेवर शहरात एक शेवटचा थांबा. तिथं तट नाही, तोफ नाही. १८३९ साली सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन बाई मुंबईहून नगरला आली. अविवाहित, एकटी, घरापासून हजारो कोस लांब. तिनं इथं मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच तिचा शेवट झाला. महात्मा जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि आपण मुलींसाठी शाळा काढायची हे त्यांच्या मनात पक्कं झालं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं त्यातलं काही याच फरारबाईंकडे, आपल्या नगरमध्ये. पुण्याच्या १८४८च्या शाळेची आठवण सगळे काढतात. त्या शाळेच्या वाटेवर नगर लागतं, हे आपण आपल्या मुलींना सांगायला हवं.

याच शहरात आणि राहुरीला पुढं लक्ष्मीबाई टिळक राहिल्या. शाळेत न गेलेली ही बाई, मोडकंतोडकं वाचायला शिकली ती लग्नानंतर. तिनं "स्मृतिचित्रे" हे आत्मचरित्र मागं ठेवलं. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत ते गणलं जातं.

आपल्या गावची फेरी

आता तुम्ही म्हणाल, नगरला किल्ला आहे, आमच्या गावात काय आहे? असं एकही गाव नाही जिथं काही नाही.

मारुतीच्या देवळाशेजारी शेंदूर लावलेले दगड असतात ना, ते नीट बघा. एकावर एक चौकटी असतील, खाली माणूस लढताना पडलेला, मध्ये अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करताना, तर तो वीरगळ. गावासाठी, कधी गाईगुरं वाचवताना मेलेल्या माणसाची ती आठवण. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर समजा गुरं पळवायला आलेल्यांशी तो लढला. आणि दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला असेल तर ती सतीची शिळा. कुणा बाईला नवऱ्याच्या चितेवर जाळलं, त्याची ती खूण. त्या हाताला हळदकुंकू वाहताना तो काय सांगतो हे ठाऊक असावं. आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चोंडीची लेक, अहिल्याबाई. १७५४ साली नवरा लढाईत गेला तेव्हा तीही सती जायला निघाली होती. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, तिला थांबवलं. ती जगली, १७६७ पासून १७९५ पर्यंत तिनं राज्य केलं, आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या शिळेवरच्या हातांतले किती हात असं काही करू शकले असते, कोण जाणे.

आणखी मागं जायचं तर प्रवरेच्या काठी चला. संगमनेरजवळचं जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, आणि नेवासं. तिथं उत्खनन झालं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं सापडली. दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना काशाचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. पण माझ्या मनातून जात नाही ती दुसरीच गोष्ट. त्या काळी घरातलं तान्हं मूल गेलं, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. घराबाहेर, रानात नाही. चुलीपासून हाकेच्या अंतरावर. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईचं नाव आपल्याला कळणार नाही, तिची भाषाही कळणार नाही. पण तिनं बाळाला घराबाहेर का नेलं नाही, हे आपल्यातल्या कितीजणींना सांगावं लागेल?

तर माझी गटांना एक विनंती आहे. पुढच्या महिन्याची बैठक झाली, हप्ते भरले, सह्या झाल्या, की एक तास काढा आणि आपल्याच गावातून चाला. गावची वेस, गढी, बारव, पार, जुना ओढा, पीर, म्हसोबा, सगळीकडे थांबा. बरोबर गावातल्या दोन म्हाताऱ्या बाया घ्या. त्यांना विचारा, दुष्काळात पाणी कुठून आणत होता, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या रस्त्याची खडी फोडली. शाळेतल्या दोन मुलींना वही देऊन लिहायला लावा, मोबाइलवर फोटो काढायला सांगा. सगळ्या वस्त्यांमधून जा, एकही वस्ती वगळू नका. नाहीतर आपणही इतिहासातून माणसं पुसणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू.

काही गोष्टी पाळा. वीरगळांना ऑइलपेंट देऊ नका, त्यानं कोरीव काम बुजतं. दगड जागचा हलवू नका, कुणी गाडीत घालून नेत असेल तर ग्रामपंचायतीला कळवा. बारवेत कचरा टाकू नका, पायऱ्या शेवाळलेल्या असतात तेव्हा जपून उतरा. पडक्या भिंतींजवळ आणि गवतात साप-विंचू असतो, पायात चप्पल-बूट हवेत. नगरच्या फेरीला जायचं तर हिवाळ्यात जा, पाणी आणि भाकरी बरोबर घ्या, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवा. त्या एका कारणासाठी कितीतरी बाया कुठं जायचंच टाळतात.

फेरी झाली की जे लिहिलं ते गटाच्या कपाटात, इतिवृत्ताच्या वहीशेजारी ठेवा. गावात नव्यानं नांदायला येणाऱ्या सुनेला गटात घेताना तिला ती वही वाचायला द्या. गाव तिलाही कळू द्या.